माइक नको, जगबुडीची शपथ हाय

...नको, नको, म्हणलं ना नको. माइक राहू द्या तितंच. आवं अध्यक्ष, तुमी भला माणूस, पण त्यो पुढं सरकवू नका, मी हात लावायचा न्हाई. मागच्या रांगंपतूर जाईल यवढा गळा हाय माझा, आन् न्हाईच पोचला तर पुढच्यानं ऐकून मागच्याला सांगावं. का नको म्हणताय? आता का नको ते सांगाय बसलो तर तुमच्या कार्यक्रमाचा येळ जाईल... बरं जाऊ दे, तसंबी पावणं अजून निम्म्या वाटंत हायती.

तुमाला सांगतो, आपल्याला एक वाईट खोड हाय. उठता-बसता म्हणायचं, 'जगबुडी झाली तरी'. आमची आई मनुबाई, पंच्याहत्तर वय, तिचं म्हणणं, 'जगबुडी झाली तरी चार वाजता माझ्या पोटात च्या पडला पायजे.' आमची मंडळी विनोदिनी, मी जरा आवाज चढवला की, 'आवं, जगबुडी आली का काय, यवढं वरडायला?' सोसायटीचं चेअरमन दर इलेक्शनला, 'जगबुडी झाली तरी यंदा पाणंदीचा रस्ता करणारच.' रस्ता तसाच हाय. त्यो बिचारा खरंच जगबुडीची वाट बघत पडलाय. आता मला सांगा, ह्यातल्या एकानं तरी बघितलीय का जगबुडी? आमच्या सप्त्याला एक बुवा आलं हुतं, त्यांनी कीर्तनात सांगितलं, 'प्रलयात सगळं पाणीच पाणी, डोंगूर न्हाई, झाड न्हाई, गाव न्हाई. फकस्त एक वडाचं पान, आन् त्यावर एक बाळ पायाचा अंगठा चोखत निवांत झोपल्यालं.' सगळ्या बाया हात जोडून बसल्या. मला काय वाटलं सांगू? म्हणलं, त्यो एकटा हाय म्हणून निवांत हाय. शेजारच्या पानावर ह्याचा भाऊ असता, तर 'माझं पान मोठं का तुझं' म्हणून पुन्यांदा प्रलय झाला असता.

भाऊ म्हणलं की आमच्या घरातलं आलंच. माझं वडील नाथाजी अण्णा, फौजेतनं सुभेदार म्हणून आलं. घरात अजून हुकूम हिंदीत. म्हशीला सुदीक 'आगे बढो' म्हणत्यात, आन् म्हस बढती. त्यांच्या पाठचं आकाराम तात्या. त्यांची छाती भरली न्हाई म्हणून फौजंनं घेतलं न्हाई, ते ऊस आन् आमाला सांभाळत ऱ्हायलं. अण्णा बर्फात बंदूक घेऊन उभं, आन् हितं मला सायकल शिकवली तात्यांनी, शाळंत मार खाऊन आलो तर मास्तरला जाब इचारला तात्यांनी. अण्णा रजेवर आलं की दोघं एका ताटात जेवायचं. पन्नाशी उलटली तरी एकच ताट. आई म्हणायची, 'ह्यांचं लगीन माझ्याशी झालंय का भावजींशी, काय कळंना.'

आन् असली माणसं अकरा वर्सं एकमेकांशी बोलली न्हाईत. कशावरनं? जमिनीवरनं? न्हाई. बांधावरनं? न्हाई. टावेल-टोपीवरनं.

तात्यांच्या लेकीचं, राजेश्वरीचं, लगीन हुतं. दारातच. मांडव माझा, साऊंड माझं, आन् माइकवर बी मीच. हे ध्यानात ठेवा, माइकवर मीच. आता तुमाला आपली रीत ठावं हाय. अक्षता पडायच्या आधी मानाच्या माणसांची नावं पुकारायची. नाव आलं की माणसानं उठायचं, जरा इकडं-तिकडं बघायचं, जणू काय 'मला कशाला उगंच', आन् मग तुरुतुरु पुढं जाऊन टोपी घालून घ्यायची, खांद्यावर टावेल. टावेल असतोय कसला? त्यातनं पीठ चाळता यील. टोपी एका पावसात आकसून लिंबाएवढी. पण नाव कितवं पुकारलं हे माणूस सरणावर जास्तवर इसरत न्हाई.

तात्यांनी यादी लिवली हुती. सोताच्या हातानं, दोन कागद. पयल्या कागदावर पयलं नाव सुभेदार नाथाजी अण्णा. यादी दिली माझ्या हातात. मी ठेवली ॲम्प्लिफायरवर. तवर आचाऱ्यानं गरम कांदाभजी पाठवली. आता भजी ठेवायची कशावर? ...झालं. कळलं तुमाला. मी भजी खाल्ली, तेलकट कागदाचा बोळा केला, मांडवाच्या मागं टाकला. आन् तोंड पुसून माइकवर सुरू झालो दुसऱ्या कागदावरनं. पयलंच नाव कुणाचं? चेअरमनच्या गाडीवरचा डायव्हर.

समोर पयल्या रांगंत अण्णा बसल्यालं. इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ. आपलं नाव पयलं येणार ही खात्री, म्हणून त्यांनी डोक्यावरची सोताची टोपी आधीच काढून खिशात घातली हुती. नव्या टोपीला जागा नको का? डायव्हरचं नाव आलं. अण्णांनी मान हलवली, म्हणलं असंल, डायव्हरला गाडी काढायची असंल. मग दुसरं आलं, तिसरं आलं. धाव्या नावाला माझ्या ध्यानात आलं की कायतरी चुकतंय. म्हणलं आता मदीच बापाचं नाव घेतलं तर लोकं हसतील, शेवटाला घेतो, 'आन् ह्या सगळ्यांचा मुकुटमणी' असं कायतरी जोडून. शेवटाला गेलो आन् लाईट गेली. भटजी वरडाय लागलं मुहूर्त टळतोय म्हणून, वाजंत्री सुरू, अक्षता उडाल्या. अण्णा तवर उठून गेलतं. भर मांडवात उघड्या डोक्यानं बसला हुता माझा बाप, यादी संपत येस्तवर. ते डोकं अजून माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई.

अण्णा सरळ खंडोबाच्या देवळात गेलं, आन् भंडारा उचलला. तुमच्यातलं कुणी पुण्या-मुंबईचं असंल तर सांगतो, भंडारा म्हंजी देवाची हळद. तोंडानं माणूस धा गोष्टी बोलतंय, त्या वाऱ्यावर जात्यात. पण मुठीत भंडारा घेऊन बोलला की त्यो शब्द देवाच्या खात्यात गेला. अण्णा म्हणलं, 'जगबुडी झाली तरी आक्याच्या घराचा उंबरा वलांडणार न्हाई.' ही बातमी तात्यांच्या कानावर गेली, पोरीची पाठवणी झाली त्याच दुपारी. तात्यांचं डोकं फिरलं. म्हणलं, 'माझ्या लेकीवर अक्षता टाकायच्या आधी उपाशी उठून गेला, आन् वर भंडारा बी ह्यानंच उचलायचा?' ते बी गेलं. त्याच देवळात, त्याच ताटलीतला भंडारा. 'जगबुडी झाली तरी नाथाच्या दारात पाय ठेवणार न्हाई.'

आन् मी? मी काय केलं? तुमाला सांगतो, मी गप बसलो. आज सांगू, उद्या सांगू. पयल्या वर्सी वाटलं, जरा राग निवू दे. दुसऱ्या वर्सी वाटलं, आता निवलाय तर परत कशाला पेटवा. तिसऱ्या वर्सापासनं वाटाय लागलं, आता सांगितलं तर दोघं मिळून मलाच मारतील. एका बोळ्याची गोष्ट, पण दरवर्सी ती फुगतच गेली. दिवाळीला अण्णा ताटावर बसायचं आन् ताटाच्या एका अंगालाच जेवायचं. दुसरी बाजू तशीच मोकळी. मी मान खाली घालून चकली खायचो.

मग त्यो म्हापूर आला. कोयनेचं दरवाजं उघडलं, वरनं पाऊस थांबंना, खालनं धरणाचा फुगवटा. दोन दिसात गावठाण पाण्यात. सगळं गाव आमच्या मळ्यावर आलं, कारण उंच तेवढंच. तात्यांचं घर नदीकडच्या अंगाला. त्यांनी काकीला, सुनंला, नातवंडांना आधीच राजेश्वरीकडं धाडलं, कवठे महांकाळला. तितली तऱ्हा बघा, हितं माणसं पत्र्यावर चढल्याली, आन् राजेश्वरी फोनवर सांगती, 'दादा, आज आमच्याकडं टँकर आला न्हाई.' एकच जिल्हा हाय बरं का. सगळी निघाली, पण तात्या हललं न्हाईत. कुटं जाणार? मळ्यावर म्हंजी नाथाच्या दारात. माडीवर चढून बसलं, आन् फोनवर मला म्हणलं, 'शंभ्या, जगबुडी झाली तरी यणार न्हाई. भंडारा उचललाय.' आन् फोनची बॅटरी गेली. बोट आली हुती एक, पण बोट एक आन् गावं धा. सांज व्हायच्या आत यील म्हणलं कुणीतरी. पाणी काय सांजंपतूर थांबणार हुतं?

सकाळधरनं अण्णा मळ्याच्या कडंला खुर्ची टाकून बसल्यालं. मला म्हणत्यात, 'पाणी कितव्या पायरीला आलं?'

म्हणलं, 'कुणाच्या पायरीला?'

'अशाच... एखाद्या घराच्या.'

म्हणलं, 'नदीकडच्या एखाद्या घराच्या म्हणत असला, तर माडीची वरनं तिसरी पायरी ऱ्हायलीय.'

अण्णा उठलं, बसलं, परत उठलं. मग सोताशीच बोलल्यागत म्हणलं, 'ही काय जगबुडी न्हाई. जगबुडीत सगळं बुडतं. हितं आपला मळा वर हाय, म्हशी वर हायत. ही जगबुडी न्हवं.'

आई चुलीपाशी हुती, शंभर माणसांचा च्या करत हुती. ती आली पदराला हात पुसत. म्हणली, 'आवं, तुमची जगबुडी केवढी असती? पन्नास वर्सं ज्याच्या ताटात जेवलासा त्यो तितं माडीवर बसलाय. त्यो गेला तर मागं काय ऱ्हातंय तुमचं? माझ्याशी तर तुमी हुकमातच बोलताय.'

अण्णा म्हणलं, 'भंडारा उचललाय. उंबरा वलांडता यायचा न्हाई.'

'कुटं हाय उंबरा? उंबरा आठ फूट पाण्याखाली गेला. माडीच्या खिडकीतनं जावा. खिडकीचं काय बोलला हुतासा का देवाला?'

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. फौजेत अठ्ठावीस वर्सं काढली, पण असला मार्ग त्यांना कुणी दाखवला नसंल. म्हणलं, 'शंभ्या, गाडी निकालो.'

गाडी कुटली? पाण्यात गाडी म्हंजी काहील. शेजारच्या ऋषिराजच्या गुऱ्हाळातली, गुळाचा रस आटवायची, नऊ फूट रुंदीची. आमच्याकडं म्हापुरात काहिलीच उपयोगाला येत्यात. पण काहिलीला ना पुढा ना पाठ. ऋषिराज बांबूनं रेटतोय, मी फळीनं वल्हवतोय, आन् ती आपली जात्यावाणी गोल. मदी अण्णा उकिडवं बसून, 'दाहिने मुड!' त्यांचं दाहिनं दर मिनिटाला बदलतंय. एकदा मळा दिसतोय, एकदा गाव, एकदा मळा, एकदा गाव. आन् सगळीकडनं गुळाचा वास. मरायला निघालो तर निदान गोड वासात मरू, असं ऋषिराज म्हणला.

माडीच्या खिडकीशी आलो. मी चौकटीच्या कडीला दोर बांधला. आत तात्या पेटीवर बसल्यालं, मांडीवर पिशवी.

अण्णा म्हणलं, 'आक्या, चल.'

तात्या आतनं, 'कोण हाय?' तीन फुटावर समोर सख्खा भाऊ उभा, आन् कोण हाय.

'सुभेदार नाथाजी.'

'वळखत न्हाई.'

'पाणी वाढाय लागलंय.'

'वाढू दे. जो माझ्या लेकीवर अक्षता टाकायच्या आधी उपाशी उठून गेला, त्याच्यासंगं मी पाण्यात बसत न्हाई.'

'उठून जाऊ नको तर काय करू? डायव्हर पयला, आन् सख्खा भाऊ यादीतच न्हाई?'

'यादीत न्हाई? ह्या हातानं पयलं नाव तुझं लिवलं हुतं. ठळक. दोनदा गिरवून.'

'मग वाचलं का न्हाई?'

'मला काय ठावं? मी आत दुधाचं बघत हुतो. वाचणाऱ्याला इचार.'

वाचणारा काहिलीतच बसल्याला. दोन्ही म्हातारं हळूहळू माझ्याकडं वळलं. ऋषिराज बी वळला. काहील सुदीक जरा वळली, देवाशप्पथ.

मी म्हणलं, 'भजी.'

'काय?'

'कागदावर भजी घेतली हुती. पयल्या. तेलकट झाला, म्हणून टाकला.'

पाण्यात माणसाला मारता येत न्हाई, काहील कलंडती. म्हणून आज तुमच्यापुढं उभा हाय. अण्णा फकस्त यवढंच म्हणलं, 'अकरा साल.' आन् तात्या म्हणलं, 'ह्याला मी सायकल शिकवली.' मला वाटलं, फळी सोडावी आन् पाण्यात जावं. त्या अकरा वर्सांत दोघांच्या घरात दोन मयती झाल्या, तीन बारशी झाली, तात्यांच्या डोळ्याचं आपरेशन झालं, आन् अण्णा दवाखान्याच्या भाईर रस्त्यावर उभं राहून परत आलं. सगळं माझ्या एका प्लेट भज्यापायी.

तात्या उठलं. त्यांनी पिशवीत हात घातला. म्हापुरात माणूस काय वाचवतो? दागिनं, कागदपत्रं, देव. तात्यांच्या पिशवीत देवाचे टाक हुते, भंडाऱ्याची पुडी हुती, आन् एका प्लास्टिकात घडी घातल्याली टावेल-टोपी. पिवळी पडल्याली. राजेश्वरीच्या लग्नातली. म्हणलं, 'तुझी हाय. उरली म्हणून दुसऱ्याला दिली न्हाई.'

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आन् खिशात घातली. अगदी त्या दिवशीसारखी. उघडं डोकं पावसात. तात्यांनी मूठ तोंडापुढं धरली, माइक धरत्यात तशी, आन् त्या पाण्यात, कुणी ऐकाय न्हाई, काय न्हाई, खच्चून पुकारलं, 'नवरीचं थोरलं चुलतं, सुभेदार नाथाजी अण्णा, पयला मान त्यांचा, त्यांनी पुढं यावं.' 'यावं'ला आवाज फाटला. अण्णा खिडकीतनं आत चढलं, सत्तरीच्या पुढचा माणूस, आन् मान वाकवून टोपी घालून घेतली. टोपी बसंना, लहान झालीवती. अण्णा रडलं. माझ्या बापाला रडताना मी तवाच बघितलं, त्याच्याआधी न्हाई आन् नंतर बी न्हाई. मी बी रडलो. ऋषिराज म्हणला, 'आवरा आता, दुसरी पायरी गेली.'

दोघं काहिलीत बसलं, पाठीला पाठ लावून. सवय ना अकरा वर्सांची. पण काहील गोल फिरती, तिला कुटली पाठ आन् कुटलं तोंड? वाटंत वढ्याकाठच्या खोलगटात खंडोबाचं देऊळ आलं. म्हंजी नुसता कळस, पाण्यावर हातभर. ज्या कळसाकडं मान मोडून वर बघायचो, त्यो हाताशी. तात्यांनी कळसाला हात लावला, अण्णांनी लावला. अण्णा म्हणलं, 'देवा, ती शपथ तुझी तू परत घे. दोघांची बी. आमच्या पोराची चूक हाय, तुझी न्हाई.' मला वाटलं, सुटलो. मिटलं सगळं.

कशाचं मिटतंय? अण्णा म्हणलं, 'आक्या, पुडी काढ.' तात्यांनी भंडारा काढला. दोघांनी एकाच चिमटीत घेतला. इतक्या वर्सांनी दोघं एका सुरात बोलली. काय बोलली? 'जगबुडी झाली तरी ह्या शंभ्याच्या हातात माइक येऊ द्यायचा न्हाई.'

मी म्हणलं, 'आवं, पोटावर पाय येतोय माझ्या, धंदा हाय त्यो.' म्हणलं, 'फिरवून जरा साधं बोला, पाच वर्सं म्हणा, धा वर्सं म्हणा.' तात्या म्हणलं, 'बोलून झालं. कळसावर बोललोय.'

आता तात्या आमच्यातच ऱ्हात्यात, माडी पडली त्यांची. दोघं एका ताटात जेवत्यात आन् भाजीत मीठ कमी का जास्त ह्यावर रोज भांडत्यात. मी ते भांडान ऐकतो आन् मला बरं वाटतं, खरंच सांगतो. कवा कवा म्हणतो, आपण हा शब्द यवढा म्होटा असून यवढ्या बारक्या गोष्टींना का लावतो? कारण खात्री असती की ती काय आपल्या हयातीत येत न्हाई. च्याला लावा, रस्त्याला लावा, रुसव्याला लावा, फुकट हाय. आन् मग एक दिवस पाणी माडीच्या तिसऱ्या पायरीला येतं, तवा कळतं की आपण कुणाला मागं ठेवून बोललो हुतो. भंडाऱ्याची पुडी आता मी कपाटात कुलपात ठेवलीय, आन् किल्ली माझ्या करदोट्याला. दोघं म्हातारं, कवा परत चिडतील सांगता येत न्हाई.

धंदा? धंदा चाललाय की. मांडव मी घालतो, वायरी मी वढतो, आन् माइकवर विनोदिनी. लोकं म्हणत्यात, 'वैनींचा आवाज लय ग्वाड, ह्याआधी कोण ते रेकायचं?' ती नावं पाठ करून जाती, कागदच नेत न्हाई. भजी तर माझ्या समोर ठेवू बी देत न्हाई. म्हणून म्हणतो अध्यक्ष, त्यो माइक घ्या परत, शपथ हाय माझ्यावर...

काय म्हणलं? मागं कायच ऐकू आलं न्हाई? सुरवातीपासनं?